व्हिसाचा अर्ज अडकलाय? दूतावासाला लिहिण्याआधी आणि लिहिताना

"ताई, पंचवीस दिवस झाले, पासपोर्ट अजून आला नाही. एम्बसीला मेल टाकू का?" एप्रिल-मे जवळ आला की हा फोन मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी येतो. मी पुण्यात गेली चौदा वर्षं व्हिसाच्या फाइली लावते. बहुतेक फाइली मुलांकडे जाणाऱ्या आई-वडिलांच्या असतात. त्यांचं बारशाचं, बाळंतपणाचं तिकीट ठरलेलं असतं, आणि वाट बघण्यात त्यांची झोप उडालेली मी पाहिली आहे.

अडकलेल्या फाइलींत एकच चूक पुन्हापुन्हा दिसते. फाइल नेमकी कुठे थांबली आहे हे न बघताच लोक दूतावासाला लिहितात, आणि प्रश्नही असा विचारतात की समोरच्या अधिकाऱ्याला त्याचं उत्तर देताच येत नाही. म्हणून पुढचा क्रम घरबसल्या फुकट होणाऱ्या गोष्टींपासून सुरू करून वकिलाच्या पायरीपर्यंत नेला आहे. मुख्यतः शेंगेन व्हिसाबद्दल, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाबद्दल सांगते. अमेरिका आणि ब्रिटनचं जिथे वेगळं आहे तिथे तसं म्हटलं आहे.

लक्षणं

- ट्रॅकिंगवर दोन-तीन आठवडे तेच वाक्य दिसतंय.
- नवरा-बायकोने एकाच दिवशी अर्ज दिले, एकाचा पासपोर्ट आला, दुसऱ्याचा नाही.
- नंबर टाकला की 'नोंद सापडत नाही' असं येतं.
- अमेरिकेच्या संकेतस्थळावर 'रिफ्यूज्ड' दिसतंय, पण मुलाखतीत तर फक्त कागद मागितले होते.
- दूतावासाला तीन मेल गेले, तिन्हींना ठरावीक छापाचं उत्तर आलं.
- प्रवास दहा दिवसांवर आहे आणि पासपोर्ट हातात नाही.

आधी दिवस मोजा

शेंगेन व्हिसाचे नियम २००९ च्या युरोपीय व्हिसा संहितेत आहेत. ग्राह्य अर्ज दाखल झाल्यापासून १५ दिवसांत निर्णय द्यायचा, आणि एखाद्या अर्जाची जास्त छाननी करावी लागली तर ४५ दिवसांपर्यंत वेळ घेता येतो, असं त्यात म्हटलं आहे. हे कॅलेंडरचे दिवस आहेत, शनिवार-रविवार त्यातच धरलेले. पूर्वी ही कमाल मुदत ६० दिवस होती, फेब्रुवारी २०२० पासून ती ४५ झाली. ब्रिटनच्या साध्या भेटीच्या व्हिसाला बोटांचे ठसे दिल्यापासून साधारण तीन आठवडे सांगितले जातात.

पुण्यात किंवा नागपुरात दिलेली फाइल बॅगेतून मुंबईला किंवा दिल्लीला जाते आणि निर्णय झाला की तशीच परत येते. या जाण्यायेण्याचे चार-पाच दिवस मी नेहमी वेगळे धरते. शिवाय दूतावास भारतातल्या सुट्ट्या पाळतो आणि त्यांच्या देशाच्याही.

ही मोजणी आधी का करायची? पंधरा दिवस व्हायच्या आत लिहिलं तर 'प्रक्रिया सुरू आहे' यापलीकडे उत्तर येत नाही, आणि पुढे खरी गरज पडते तेव्हा तुमचा मेल दुसरा किंवा तिसरा ठरतो. पंधरा ते पंचेचाळीसच्या मध्ये असाल तर नम्र चौकशी करायला जागा आहे. पंचेचाळीसच्या पुढे गेलात तर नियमावर बोट ठेवून लिहा, त्यात काहीच वावगं नाही.

पावती, नंबर, नाव

'नोंद सापडत नाही' या तक्रारीचं कारण दहा मिनिटांत सापडतं. भारतीय पासपोर्टच्या नंबरात सहसा पहिलं एक इंग्रजी अक्षर आणि पुढे सात आकडे असतात. म्हणजे अशा नंबरात पहिली जागा सोडली तर पुढे कुठेही 'ओ' नसतो, तो शून्यच असतो. अमेरिकेच्या डीएस-१६० फॉर्मचा (व्हिसाच्या ऑनलाइन अर्जाचा) नंबर 'एए'ने सुरू होतो, आणि तिथेही शून्य आणि 'ओ' यांची गल्लत होते.

नावाचा घोळ मात्र खास आपला आहे. आपण स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि मग आडनाव असं लिहितो. पासपोर्टवर पहिली दोन्ही नावं 'गिव्हन नेम'च्या रकान्यात जातात आणि आडनाव 'सरनेम'मध्ये. काही जुन्या पासपोर्टांवर सगळं नाव एकाच रकान्यात असतं आणि सरनेम रिकामं. अशा वेळी अमेरिकेच्या अर्जात ते सगळं नाव आडनावाच्या जागी जातं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) लागतं. अमेरिकेची व्हिसा-स्थिती बघताना आडनावाची पहिली पाच अक्षरं विचारतात. तुम्ही तिथे 'पाटील'ची अक्षरं टाकत बसता आणि यंत्रणेत आडनाव म्हणून तुमचं पहिलं नाव नोंदलेलं असतं. पासपोर्ट समोर उघडा ठेवा आणि रकाना बघून टाका.

फॉर्मवर ई-मेल कोणाचा आहे?

सगळ्यात जास्त फाइली मला इथेच अडकलेल्या सापडल्या, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सांगलीकडचे एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी, मुलगा श्टुटगार्टला. दोघांचे अर्ज एकाच दिवशी, एकाच फाइलीत गेले. चौदाव्या दिवशी सरांचा पासपोर्ट व्हिसासह आला. काकूंचा आला नाही. एकोणिसाव्या दिवशी दोघं माझ्याकडे आले. काकूंच्या पिशवीत नातवासाठी शिवलेली दुपटी होती, आणि त्या सारख्या म्हणत होत्या, "माझंच काहीतरी चुकलं असेल." फॉर्मची प्रत मागितली, ती त्यांच्याकडे नव्हती. ज्याने फॉर्म भरला त्याच्याकडून ती मागवली आणि ई-मेलच्या रकान्यात बघितलं, तर त्याने आपलाच पत्ता घातलेला. त्याच्या इनबॉक्समध्ये नऊ दिवसांपूर्वी आलेला मेल होता. काकूंची मुदतठेव माहेरच्या नावाने होती, पासपोर्ट सासरच्या नावाने, म्हणून वाणिज्य दूतावासाने विवाह प्रमाणपत्राचं इंग्रजी भाषांतर मागितलं होतं. मेल कोणी उघडलाच नव्हता. भाषांतर त्याच संध्याकाळी गेलं आणि पुढच्या आठवड्यात व्हिसा आला. काकूंचं काहीही चुकलं नव्हतं.

तेव्हा दूतावासाला लिहिण्याआधी फॉर्मची प्रत काढा आणि तीन गोष्टी तपासा: त्यावरचा ई-मेल, त्यावरचा फोन नंबर आणि त्या मेलचं स्पॅम फोल्डर. शोधताना 'व्हिसा' एवढाच शब्द टाकू नका, देशाचं नाव आणि आपला पासपोर्ट नंबर टाकूनही शोधा, कारण विषयाच्या ओळीत कधीकधी फक्त नंबर असतो. नोकरी करणाऱ्यांनी ऑफिसच्या एचआरला आणि रिसेप्शनला विचारावं की पडताळणीचा फोन येऊन गेला का. रजेच्या पत्रावर दिलेला फोन कोणी उचलला नाही तर पडताळणी तिथेच थांबते.

मागितले जाणारे कागद बहुधा ठरलेले असतात. मराठीतल्या सातबाऱ्याचं किंवा विवाह प्रमाणपत्राचं भाषांतर, बँकेच्या सही-शिक्क्याचं स्टेटमेंट, प्रवासाचे सगळे दिवस झाकणारा आणि किमान ३०,००० युरोचं संरक्षण देणारा विमा. जर्मनीतल्या मुलाने खर्चाची हमी घेतली असेल तर तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयाने दिलेलं मूळ हमीपत्र लागतं. व्हॉट्सॅपवर आलेला त्याचा फोटो जोडून भागत नाही.

अर्ज केंद्र: काय विचारायचं, काय नाही

व्हीएफएससारख्या खाजगी कंपन्यांची केंद्रं दूतावासांच्या वतीने अर्ज घेतात, ठसे घेतात, फाइल पोहोचवतात आणि पासपोर्ट परत देतात. व्हिसा द्यायचा की नाही यात त्यांचा काडीचाही वाटा नसतो. त्यामुळे खिडकीवरच्या मुलीवर चिडून काही मिळत नाही. तिला दोनच गोष्टी विचारा: माझी फाइल केंद्रातून कोणत्या तारखेला निघाली, आणि परत आली आहे का? पासपोर्ट केंद्रात येऊन पडला आहे, पण कुरिअरचा पत्ता अर्धवट असल्यामुळे निघालेला नाही, असं मी अनेकदा पाहिलं आहे. तसं असेल तर दूतावासाचा प्रश्नच येत नाही.

'प्रक्रिया झालेला अर्ज केंद्रात आला' असं ट्रॅकिंगवर दिसलं तर निर्णय झाला आहे, इतकंच त्यातून कळतं. मंजूर की नामंजूर हे पाकीट उघडल्यावरच.

निर्णय नेमका कुठे होतो

अर्ज मुंबईत दिला म्हणून निर्णय मुंबईतच होतो असं नाही. ऑस्ट्रियाचा अर्ज मुंबईत दिला तरी फाइल दिल्लीच्या दूतावासात जाते. काही देशांचे मुंबईत फक्त मानद वाणिज्यदूत असतात. शहरातलीच एखादी प्रतिष्ठित व्यक्ती ते पद सांभाळते, आणि व्हिसाची फाइल सहसा त्यांच्याकडे नसते. लोक त्यांच्या ऑफिसात हेलपाटे घालतात आणि दोन दिवस वाया जातात. ब्रिटनच्या बाबतीत तर उच्चायुक्तालय निर्णय घेतच नाही, ते काम यूके व्हिसाज अँड इमिग्रेशन या त्यांच्या गृहखात्याच्या विभागाचं. चौकशीही तिकडेच करावी लागते. पत्ता नेहमी दूतावासाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. गुगलवर आधी दिसणारे 'हेल्पलाइन' नंबर पुष्कळदा दलालांचे असतात.

आमदार-खासदारांचं पत्र आणू का, असं खूप जण विचारतात. आपल्या परराष्ट्र मंत्रालयालाही दुसऱ्या देशाच्या व्हिसाचा निर्णय बदलता येत नाही. त्या पत्रासाठी आठवडा घालवू नका.

आता मेल

एवढं बघूनही फाइल दूतावासातच आहे असं दिसलं, तर लिहा. एकच मेल, एकाच पत्त्यावर, एकच मुद्दा. पाच पत्त्यांवर एकदम पाठवलेला मेल प्रत्येक जण दुसऱ्यावर सोडतो.

फॉर्मवर जो ई-मेल दिला आहे त्याच पत्त्यावरून पाठवा. आई-वडिलांसाठी मुलगा परदेशातून लिहितो तेव्हा दूतावास बहुधा काहीच सांगत नाही, आणि ते बरोबरही आहे, कारण अर्जातली माहिती खाजगी असते. आईच्या मेलवरून लिहा, नाहीतर तिच्या सहीचं अधिकारपत्र आणि पासपोर्टच्या पहिल्या पानाची प्रत जोडा.

विषयाच्या ओळीत अर्जाचा रेफरन्स नंबर, पासपोर्ट नंबर आणि प्रवासाची तारीख टाका. अधिकारी मेल उघडण्याआधी ते बघतो. आत मजकूर सहा-सात ओळींचा. मेल इंग्रजीत लिहायचा असतो, पण सांगाडा असा:

"महोदय, मी अमुक तारखेला तमुक केंद्रात अल्प मुदतीच्या व्हिसासाठी अर्ज दिला. रेफरन्स नंबर हा, पासपोर्ट नंबर हा. अर्ज देऊन २३ दिवस झाले आहेत. माझा प्रवास अमुक तारखेला ठरला आहे. माझ्याकडून आणखी कोणता कागद हवा आहे का, एवढं कृपया कळवावं. मी तो त्याच दिवशी पाठवू शकते. माझा फोन नंबर हा आहे, आणि मी या मेलवर रोज असते."

यात 'व्हिसा कधी येईल' हा प्रश्न मी मुद्दाम घेतलेला नाही. निर्णय होण्याआधी त्याचं उत्तर देणं अधिकाऱ्याच्या हातात नसतं, म्हणून तो छापील उत्तर पाठवतो. 'काही कागद हवा आहे का' याचं उत्तर मात्र त्याला फाइल उघडूनच द्यावं लागतं, आणि फाइल एकदा उघडली की पुष्कळदा पुढे सरकते. माझ्या अनुभवात या एका बदलाने जेवढी कामं झाली तेवढी दुसऱ्या कशानेच झाली नाहीत.

तुमच्याकडे नवीन माहिती असेल तर मेलला आणखी वजन येतं. प्रवासाची तारीख पुढे गेली आहे, विमा नव्या तारखांचा काढला आहे, नोकरी बदलली आहे, हे त्यांना कळायलाच हवं. नाहीतर व्हिसा जुन्या तारखांचा छापून येतो आणि हातात येईपर्यंत निम्मे दिवस संपलेले असतात. दवाखान्याचं किंवा मयताचं कारण असेल तर ते विषयाच्या ओळीतच लिहा आणि डॉक्टरांचं पत्र जोडा. अशा मेलकडे वेगळं लक्ष दिलं जातं. तिकिटाचे पैसे बुडतील हे कारण लिहू नका. व्हिसा हाती येण्याआधी पक्कं तिकीट काढू नका असं दूतावास स्वतःच सांगतात, अर्जाला आरक्षण पुरतं.

कागद जोडायचे तर सगळ्यांची एकच पीडीएफ करा, आणि फाइलीला नाव म्हणून रेफरन्स नंबर द्या. मोबाइलवर काढलेले आडवेतिडवे बारा फोटो पाठवू नका. मग पाच कामाचे दिवस थांबा. उत्तर नाही आलं तर नवा मेल न लिहिता त्याच मेलखाली दोन ओळींची आठवण द्या.

दूतावासाच्या दारात जाऊन उभं राहणं मात्र टाळा. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वाणिज्य दूतावासाबाहेर उन्हात हातात फोल्डर धरून उभे असलेले वयस्कर लोक मी पाहिले आहेत. अपॉइंटमेंट नसेल तर आत सोडत नाहीत, आणि प्रवासाचा त्रास तेवढा होतो.

पासपोर्टच परत हवा असेल तर

दुसऱ्या देशात तातडीचं काम निघालं म्हणून लोक मध्येच पासपोर्ट मागतात. बहुतेक शेंगेन दूतावास याला अर्ज मागे घेणं समजतात. फी परत मिळत नाही (मोठ्या माणसाची फी जून २०२४ पासून ९० युरो आहे), आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून. मागे घेताय की तात्पुरता हवाय, हे मेलमध्ये स्वच्छ शब्दांत लिहा आणि लेखी उत्तर आल्याशिवाय काहीच गृहीत धरू नका.

अमेरिकेचं 'रिफ्यूज्ड'

हा शब्द बघून घरात रडारड झालेली मी पाहिली आहे. तिथल्या कायद्याच्या २२१(जी) कलमाखाली कागद अपुरे असले किंवा आणखी तपासणी बाकी असली, तरी संकेतस्थळावर 'रिफ्यूज्ड' असंच दिसतं. मुलाखतीनंतर हातात जो कागद दिला तो नीट वाचा. त्यावर २२१(जी) असेल तर फाइल पुढे सरकू शकते. २१४(बी) असेल तर तो पूर्ण नकार आहे. त्यावर चौकशी करून उपयोग नाही, परिस्थितीत बदल झाल्यावर नवा अर्ज आणि नवी फी.

२२१(जी)मध्ये मागितलेले कागद द्यायला एक वर्ष मिळतं. ते गेलं की नव्याने अर्ज करावा लागतो. तंत्रज्ञान किंवा संशोधनाच्या काही विषयांतल्या मुलांना डीएस-५५३५ ही जादा प्रश्नावली येते. तिच्यात मागच्या पंधरा वर्षांचा प्रवास, पत्ते, नोकऱ्या आणि पाच वर्षांची समाजमाध्यमांवरची खाती विचारतात. ती घाईत भरू नका. एक तारीख डीएस-१६० शी जुळली नाही तर पुढची विचारणा होते. उत्तर त्याच मेलच्या साखळीत द्या, केस नंबरासह. स्थितीच्या पानावर शेवटच्या नोंदीची तारीख असते, ती आठवड्यातून एकदा बघा. तारीख हलली म्हणजे कोणीतरी फाइल हाताळली.

इथे थांबा आणि जाणकाराकडे जा

नकाराचं पत्र आलं असेल तर मेल थांबवा. शेंगेन नकाराच्या छापील पत्रावर कारणावर खूण केलेली असते आणि दाद कुठे, किती दिवसांत मागायची हेही लिहिलेलं असतं. ती मुदत चुकवू नका. जर्मनीने फेरविचाराच्या लेखी अर्जाची जुनी सोय १ जुलै २०२५ पासून जगभर बंद केली आहे, म्हणजे आता नवा अर्ज किंवा बर्लिनचं प्रशासकीय न्यायालय एवढेच रस्ते. न्यायालयात जायचं तर आधी जर्मन वकिलाचा सल्ला घ्या.

खोटे कागद किंवा चुकीची माहिती दिल्याचा शेरा असेल, एजंटने तुम्हाला न सांगता काही जोडलं असेल, पूर्वी कुठे मुदतीपेक्षा जास्त राहणं झालं असेल, तर एक ओळही स्वतः लिहू नका. पहिल्या खुलाशात लिहिलेलं पुढे बदलता येत नाही. त्या देशाच्या इमिग्रेशन वकिलाला सगळी फाइल दाखवा, लपवाछपवी न करता. अमेरिकेत महिनोन्महिने निर्णयच होत नसेल तर तिथल्या फेडरल न्यायालयात मँडॅमसचा, म्हणजे सरकारी कार्यालयाला निर्णय द्यायला लावण्याचा दावा करता येतो. तोही वकिलाचाच विषय.

आणि कोणी 'आतून काम करून देतो' म्हणत यूपीआयवर पैसे मागितले तर तिथेच फोन ठेवा आणि सायबर पोलिसांच्या १९३० क्रमांकावर कळवा.

पासपोर्ट हातात आल्यावर

पाकीट केंद्राच्या बाहेर पडण्याआधी उघडा. व्हिसाच्या स्टिकरवर नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट नंबर, 'पासून-पर्यंत'च्या तारखा, राहायचे दिवस आणि किती वेळा प्रवेश हे पाच रकाने वाचा. तारखांचा कालावधी आणि राहायचे दिवस हे दोन वेगळे आकडे असतात, आणि तुम्हाला दोन्ही पाळायचे आहेत: राहणं त्या तारखांच्या आतच, आणि राहायच्या दिवसांपेक्षा जास्त नाही. काही चुकलेलं दिसलं तर त्याच दिवशी स्टिकरचा फोटो जोडून दूतावासाला कळवा. सांगलीच्या काकूंच्या स्टिकरवर नावातलं एक अक्षर चुकलं होतं. आम्ही खिडकीसमोर उभं राहूनच मेल केला, आणि सहा दिवसांत दुरुस्त होऊन आला.